एका ओवीला एक आठवडा: तत्त्वज्ञान हळू वाचायला सुरुवात कशी करावी

कॉलेजात असताना परीक्षेसाठी मी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास अठरा दिवसांत संपवला होता. थेलिसपासून कांटपर्यंत, रोज ठरलेली पानं. मार्कही बरे पडले. महिन्याभराने जळगाव स्टेशनबाहेर चहा पिताना एका मित्राने सहज विचारलं, "हा कांट नेमकं म्हणतो काय?" मी बराच वेळ कपाकडे बघितलं आणि म्हणालो, "फार अवघड आहे तो." अठरा दिवसांतलं एवढंच उरलं होतं.

पुढे वाचायची पद्धत बदलली. ती कशी, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. शिकवायला कोणी नाही, संस्कृत जेमतेम शाळेपुरतं, दिवसातून अर्धा तास निघतो, अशी तुमची परिस्थिती असेल तर अगदी उत्तम. माझीही तीच होती.

पायरी १. ग्रंथ लहान घ्या

सुरुवातीला लोक जाडजूड ग्रंथ घेतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. हळू वाचायचं तर ग्रंथ इतका लहान हवा की रोज दोन ओळी वाचूनही तो या जन्मी संपेल असा भरवसा वाटावा.

आपल्या खानदेशात त्यासाठी लांब जायला नको. मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथलं जुनं दगडी मंदिर बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्या चांगदेवांची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप'? ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी दिलेलं उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. नावाप्रमाणे पासष्ट ओव्या. एका शब्दासाठी पत्र अडवून धरणारा माणूस मला आता फार जवळचा वाटतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना तो हसण्यासारखा वाटायचा.

पासष्टीच का? ती मराठी आहे, छोटी आहे, आणि तिच्यात देवाची स्तुती कमी, विचार जास्त आहे. विचारही असा दाट की पातळ करून प्यायला मिळत नाही. कोणतीही साधी प्रत घ्या. प्रतीप्रतीत अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ थोडे वेगळे दिसतील, त्याने गडबडू नका.

तत्त्वज्ञान हे पुण्याबनारसचं काम, आपल्याकडे केळी आणि कापूस, असं कोणी म्हणालं तर त्याला अमळनेरची आठवण द्या. श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी त्याच संस्थेत तत्त्वज्ञान शिकले. १९३० च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य बंगालमधून येऊन तिथे संचालक होते. त्यांचं लेखन असं की एक परिच्छेद चावायला संध्याकाळ जावी. गिरणीचा भोंगा वाजत असलेल्या गावात माणसं बसून हे वाचत होती.

पायरी २. एकदा भरभर वाचून टाका

पहिल्या दिवशी पासष्टच्या पासष्ट ओव्या मोठ्याने वाचा. अर्ध्या तासात होतात. कळलं-नाही कळलं याचा हिशोब करू नका. गाव बघायला आलेला पाहुणा आधी एक चक्कर मारतो, तेवढंच. फक्त त्या चकरेला वाचन समजू नका. सप्ताहाच्या पत्रिकेवर 'एक तरी ओवी अनुभवावी' छापायचं आणि मांडवात सात दिवसांत अठरा अध्याय दामटायचे, ही आपली जुनी खोड आहे. पारायणाचं पुण्य असेल ते असो, त्याने ओवी उलगडत नाही.

पायरी ३. हाताने लिहा, तोडा, जुळवा

एक वही करा. डाव्या पानावर मूळ ओवी, उजवं पान कोरं. आपल्या भाष्यकारांनी व्याख्येची पाच अंगं सांगितली आहेत: पदच्छेद, पदाचा अर्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपाचं समाधान. नावं भारी वाटतात, काम साधं आहे. शब्द सुटे करा, प्रत्येकाचा अर्थ लिहा, समास फोडा, वाक्य सरळ रांगेत लावा, आणि शंका काढून तिला उत्तर द्या. शाळेत कवितेचा अन्वय करायचो तोच प्रकार.

चौथी ओवी घेऊ या.

सोनें सोनेपणा उणें ।
न येतांचि झालें लेणें ।
तेंवि न वेंचतां जग होणें ।
अंगें जया ॥

आता नुसती पहिली ओळ वाचा आणि थांबा. 'सोनें सोनेपणा उणें.' अर्थ काय होतो? सोनं सोनेपणात कमी पडलं. म्हणजे ओवीला जे म्हणायचं आहे त्याच्या बरोबर उलट! दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी 'न' येतो आणि सगळं पालटतं. 'उणें' हा शब्द दिसतो पहिल्या ओळीत, पण तो आहे दुसऱ्या ओळीतल्या 'न येतां'चा. भरभर वाचताना डोळा हे आपोआप जुळवून घेतो, आणि त्यामुळेच ओवीने आधी शंका उभी करून मग ती मोडली, हे आपल्या लक्षातच येत नाही.

दुसरा खड्डा 'वेंचतां'चा. आपल्या भागात वेचणं म्हटलं की कापूस. मी पहिल्यांदा 'न वेंचतां' म्हणजे 'न गोळा करता' असंच वाचलं होतं आणि त्यावर वहीत अर्धं पान विचारही लिहून काढला होता! जुन्या मराठीत वेचणं म्हणजे खर्चणं. 'आयुष्य वेचलं' म्हणतो ना, तेच ते. अर्धं पान खोडावं लागलं. ओळखीचा वाटणारा शब्दच कोशात आधी बघायचा, हे तेव्हा शिकलो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच, ओळखीचाच फसवतो.

आता रांगेत लावू: सोनेपणाला उणेपण न येताच सोनं लेणं झालं, तसा, जराही खर्ची न पडता, जो स्वतः जग होतो.

वाक्य संपलेलं नाही हे बघितलंत? 'जया' म्हणजे 'ज्याला, ज्याचं'. तो कोण? त्यासाठी मागे पहिल्या ओवीपर्यंत जावं लागतं, 'स्वस्ति श्रीवटेशु' पर्यंत. तो म्हणजे हा श्रीवटेश, ईश्वर. सुरुवातीच्या ओव्यांच्या शेवटी 'जो', 'जया' येत राहतं. या सगळ्या एका खुंटीला टांगलेल्या आहेत. चौथी ओवी एकटी काढून व्हॉट्सअॅपवर पाठवली की खुंटी मागे राहते.

पायरी ४. शब्द बदलून बघा

सगळ्या पद्धतीतली हीच कळीची पायरी. एखाद्या दिवशी वेळ नसेल तर बाकी सोडा, एवढी करा.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे हा मुळात प्राचीन भाषांचा प्राध्यापक. १८८६ साली आपल्या एका पुस्तकाला नवी प्रस्तावना जोडताना त्याने स्वतःला सावकाश वाचनाचा शिक्षक म्हटलं आणि शब्दांच्या या कामाला सोनाराच्या कलेची उपमा दिली. जळगावकराला ती समजावून सांगायला नको. सराफ बाजारात दागिना नेला की सराफ त्याच्या नक्षीचं कौतुक करत बसत नाही. कसोटीवर एक रेघ ओढतो आणि बघतो. शब्दाचंही तसंच करायचं. त्याच्या जागी जवळचाच दुसरा शब्द ठेवायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. काहीच बिघडलं नाही तर तो शब्द भरीचा असेल. काही बिघडलं तर तिथे कस लागला.

'सोनेपणा'च्या जागी 'सोनं' ठेवा. 'सोनं कमी न होता दागिना झाला.' हे तर खोटंच आहे, कारण घडवताना सोनं कमी होतंच. 'होणें'च्या जागी 'दिसणें' ठेवा. जग होणं आणि जग दिसणं, या दोहोंमध्ये वेदान्तातले अर्धे वाद मावतात. आणि 'अंगें' काढून टाका. मला सुरुवातीला तरी काही बिघडलेलं दिसलं नाही. वहीत मी त्यापुढे 'भरीचा शब्द?' असं लिहून ठेवलं. या प्रश्नचिन्हाकडे परत यायचं आहे.

एका शब्दावर इतका वेळ घालवणं हे खूळ वाटत असेल तर ब्रह्मसूत्रांवरचं शंकराचार्यांचं भाष्य आठवा. पहिलं सूत्र 'अथातो ब्रह्मजिज्ञासा', म्हणजे 'अथ, म्हणून ब्रह्म जाणून घ्यायची इच्छा'. आचार्य पहिल्याच शब्दाशी थांबतात. 'अथ' म्हणजे आरंभ? नाही, कारण जाणून घ्यायची इच्छा ही आरंभ करण्याची गोष्ट नव्हे. मंगल म्हणून? वाक्याच्या अर्थात ते बसत नाही. मग 'नंतर'. कशानंतर? आणि या एका प्रश्नातून साधकाच्या अंगी आधी काय काय हवं याची सगळी चर्चा निघते.

पायरी ५. घरच्या बोलीत सांगा

ओवी कळली असं वाटलं की घरातल्या अशा माणसाला सांगा ज्याला तुमच्या पुस्तकाशी देणंघेणं नाही. आणि सांगा घरच्या बोलीत. प्रमाण मराठीत सांगताना 'स्वरूप', 'अधिष्ठान' असले शब्द मदतीला धावतात आणि आपल्याला कळलं आहे असा भास होतो. अहिराणीत ते शब्दच नाहीत, त्यामुळे पळवाट बंद.

मी आजीला सांगितलं. ती शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, "दागिना घडना, पण सोनं कोठे गय? सोनं सोनंच शे ना!"

आजीने मान वर केली नाही. "घट जास ना रे पोऱ्या. ती कोन देस?"

झालं. सोनं वितळवताना, घासताना, झळाई देताना जी तूट येते ती घट. गिऱ्हाईक म्हणून आयुष्यभर ती भरलेल्या बाईला 'न वेंचतां' पटणार कसं? मी म्हणालो, घट वजनात जाते, सोनेपणात नाही. उरलेलं सोनं तितकंच सोनं असतं. ओवीत म्हणूनच 'सोनं' न म्हणता 'सोनेपण' म्हटलं आहे. आजी गप्प बसली. मला वाटलं, जिंकलो.

चार दिवसांनी तिच्या जुन्या पाटल्या मोडायला सराफाकडे गेलो. मोडीत एक गंमत असते. पाटलीवरची नक्षी, तिचं नाव, तिची घडणावळ, या सगळ्याची किंमत शून्य होते. काट्यावर फक्त सोनं उरतं. 'लेणें' हे सोन्यावेगळं काही नव्हतं, हे सराफाच्या काट्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात नेमका हाच दाखला आहे, आधी मातीचा आणि मग सोन्याचा. मी खुशीत होतो. तेवढ्यात सराफ आजीला म्हणाला, "आजी, हे बावीस कॅरेट. चोखात दागिना टिकत नाही, तांबं मिसळावंच लागतं."

आजीने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

कारण आता वजनाचा प्रश्न राहिलाच नव्हता. चोवीसाचं बावीस झालं, हजारात ९१६ भाग सोनं. म्हणजे लेणं होताना खुद्द सोनेपणालाच उणं आलं. ओवी चुकली?

या शंकेवर मी आठवडाभर अडलो. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. 'दृष्टान्त शेवटपर्यंत ताणायचा नसतो' म्हणून सोडून देणं, किंवा 'संतांना कॅरेट कुठे ठाऊक' म्हणून हसून मोकळं होणं. पहिली वाट भक्ताची, दुसरी हुशार माणसाची, आणि दोन्हींनी पुस्तक बंद होतं. तिसरी वाट म्हणजे पुन्हा ओवीकडे जायचं.

गेलो तेव्हा 'अंगें' दिसला. तोच, ज्याच्यापुढे मी 'भरीचा?' लिहिलं होतं. अंगें म्हणजे स्वतःच्या अंगानेच. दागिना घडायला सोनार लागतो, मूस लागते, हातोडा लागतो, तांबं लागतं. घट जाते ती सोनाराच्या हातून, उणं येतं ते तांब्यामुळे. म्हणजे बाहेरचं काहीतरी आलं म्हणून. ओवीच्या दुसऱ्या अर्ध्यात बाहेरचं कोणी नाहीच. सोनारही नाही, मूसही नाही. जो आहे तो स्वतःच जग होतो. दृष्टान्त जिथे तोकडा पडतो तिथे 'अंगें' हा शब्द उभा आहे. सरळ वाचत गेलो असतो तर तो मला कधीच दिसला नसता. तो दिसला आजीच्या घटीमुळे.

हा अर्थ सगळ्यांना पटेलच असं नाही. मलाही त्यात एक फट दिसते: बाहेरचं काहीच नसेल तर 'होणं' तरी कशाला? ती शंका उजव्या पानावर तशीच आहे.

पायरी ६. मागेपुढे बघा

एक ओवी हाताळून झाली की तिला शेजारणींबरोबर बसवा. पहिल्या ओवीत 'जगदाभासु' आहे, जगाचा आभास. चौथीत 'जग होणें'. आभास की होणं? ज्ञानदेवांचा विचार शंकराचार्यांच्या मायावादाशी (जग हा नुसता भास) कुठवर जुळतो आणि चिद्विलास (जग हा चैतन्याचाच खेळ) म्हणून कुठे वेगळा होतो, हा अभ्यासकांमधला जुना वाद आहे. तुम्हाला त्यात लगेच बाजू घ्यायची गरज नाही. पण वाद कुठल्या दोन शब्दांमधून निघतो हे तुमचं तुम्हाला दिसलं, तर त्या वादावरचं पुस्तक पुढे वाचताना तुम्ही परके नसाल.

ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, आणि वेदान्ती सहा खुणा वापरतात. नवख्याला त्यातल्या दोन पुरतात. एक, उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांशी काय बोलतात. दुसरी, अभ्यास. इथे अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा येणं. कोणता शब्द, कोणती कल्पना ग्रंथात परत परत येते त्याची वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवा.

पायरी ७. टीका सगळ्यात शेवटी

उजवं पान भरल्याशिवाय टीका किंवा अर्थविवरण उघडू नका. आधी उघडलं की आपली शंका जन्मायच्या आधीच तिला उत्तर मिळतं, आणि असं उत्तर लक्षात राहत नाही. भरलेलं पान घेऊन टीकेकडे गेलात तर तिच्याशी भांडता येतं. बऱ्याचदा हराल. हरकत नाही.

गद्य वाचताना

ओवी सोडून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तकडे वळलात तरी पायऱ्या त्याच. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य सगळ्यांना ठाऊक. ते त्याच्या १६३७ च्या पुस्तकातलं. पण १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मधलं दुसरं चिंतन काढून बघा. तिथे 'म्हणून' नाही! तिथे तो म्हणतो की 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो तेव्हा खरं असलंच पाहिजे. 'म्हणून' असलं की ते अनुमान होतं, आणि अनुमान म्हटलं की आधीचं विधान कुठून आणलं असा प्रश्न येतो. 'म्हणून' गेलं की प्रश्नच बदलतो. शिवाय 'जेव्हा जेव्हा' वर थांबा. मनात आणत नसेन तेव्हा काय? इथे शब्द बदलून बघायचं काम लेखकानेच करून ठेवलं आहे, आपण फक्त दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवायची. आक्षेपांना उत्तरं देताना त्याने एका ठिकाणी लिहिलं आहे की वाचकाने पहिल्या चिंतनातल्या गोष्टींवर काही महिने, निदान काही आठवडे तरी घालवावेत. ते चिंतन मोजून काही पानांचं आहे.

वेळ, जागा, सोबत

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारचा नाद सोडा. पहाटे पाच ते साडेपाच. हिवाळ्यात कधीही. फोन दुसऱ्या खोलीत. शिसपेन्सिल हवी. रंगीत हायलायटर नको, त्याने सगळी ओळ पिवळी होते आणि शब्द एकही दिसत नाही.

सोबतीला एक-दोन जण असतील तर उत्तम, चारच्या वर नको. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पूर्वपक्ष धरायचा, म्हणजे मुद्दाम विरोधात बोलायचं, आणि दर आठवड्याला बाजू बदलायची. नियम एकच: काहीही म्हणा, पण ओवीतल्या शब्दावर बोट ठेवून म्हणा. आमच्या मंडळींनी एकदा डिसेंबरात शेतात भरीत पार्टी आणि वाचन एकत्र ठेवलं होतं. कळण्याची भाकरी, भरीत, वर ठेचा. तत्त्वज्ञान भरपूर झालं, पुस्तक पिशवीतून निघालं नाही.

एका ठिकाणी तीन दिवस अडलात तर पानावर तारीख टाकून पुढे जा. महिन्याने परत या. माझ्या वहीत अशा अकरा तारखा आहेत.

पाचवी ओवी तुम्ही स्वतः करून बघा.

कल्लोळकंचुक ।
न फेडितां उघडें उदक ।
तेंवी जगेंसी सम्यक् ।
स्वरूप जो ॥

कल्लोळ म्हणजे लाटा, कंचुक म्हणजे चोळी, अंगावरचं वस्त्र. 'फेडितां' कोशात बघा, तो कर्ज फेडण्यातला नाही. मग तापीच्या काठावर जाऊन उभे राहा, पावसाळ्यात नको, आणि वस्त्र न उतरवता पाणी उघडं कसं, ते बघा. मी सध्या 'सम्यक्' वर अडलो आहे. आजीला अजून सांगितलेलं नाही.